ब्रेक गार असताना

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर बसलेल्या गृहस्थांनी ही गोष्ट मला सांगितली. मला! मी त्या घरात भाड्याने राहत होते, त्या दिवशी त्या अंगणात उभी होते, आणि हे गृहस्थ मठ्ठ्याचा भुरका मारत मलाच सांगताहेत, की बंगलोरला म्हणे पूर्वी एक इंजिनियर होते, इतके हुशार, इतके हुशार, की होणाऱ्या जावयाची गाडी नुसती उघडून बघितली आणि लग्न मोडलं. "आणि पुढे काय झालं ऐका," म्हणाले. मी ऐकलं नाही. पानावरून उठले. सूनबाई नंतर म्हणाली, "आई, एवढं चिडायला काय झालं?" तिला तिथे काही सांगता येईना, म्हणून हे लिहायला घेतलं.

हुशार होते, हे खरं आहे. ते मी कधीच नाकारलं नाही. पण हुशारीचं कौतुक करून लोक थांबतात, आणि मला तिथेच संताप येतो.

ते आमचे घरमालक. बंगलोरच्या शिवाजीनगरात, बस स्टँडामागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागे ते, त्यांची बायको आणि मुलगी सरोजा. मध्ये फरशीचं अंगण, नळ एक. मी लग्न होऊन साताऱ्याहून थेट तिथे गेले. आमचे हे सरकारी कारखान्यात नोकरीला, घरमालकही त्याच कारखान्यात, पण बरेच वरचे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर तिकडे गेलेलं. फौज परतली, हे राहिले. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी, वाक्याच्या शेवटी आपल्या 'हो'सारखं 'री'. 'साकू' म्हणजे पुरे आणि 'आयतु' म्हणजे संपलं, हे दोन शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकले, कारण माझ्या वाट्याला तेच जास्त यायचे.

कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग मापात आहे का ते बघायचं आणि नसला तर त्यावर लाल रंगाचा फराटा ओढून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. इंजिनियरिंगची पदवी होती, विलायतेला जाऊन आले होते, आणि दोन्ही गोष्टी समोरच्याला पाच मिनिटांत कळतील अशी व्यवस्था ते ठेवत. आमच्या ह्यांच्या खात्याचा माल त्यांनी किती वेळा परत पाठवला असेल त्याला गणती नाही. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपत आणि भिंतीपलीकडे अण्णा रेडिओवर बातम्या ऐकत.

बरं, नाही म्हणायची ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी सोडून यावी की नाही? छे. जगातली कुठलीही चालणारी वस्तू आपल्या तपासणीसाठीच बाहेर पडली आहे, असं त्यांना वाटायचं. गल्लीत कुणाची मोटार येऊन उभी राहिली की हे बाहेर. टायरवर बोटांची पेरं वाजवायची, वाकून खाली बघायचं, बॉनेट उघडायचं. मालकाला विचारणं वगैरे नाही. आणि गाडी मनास आली नाही की डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आतला रोटर उपसायचा आणि खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा एक तुकडा, आत गरागरा फिरून ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणारा. तो नसला की लाखाची गाडीसुद्धा खोकून गप्प बसते. मग मालक यायचा, चावी फिरवून थकायचा, आणि अण्णा ओट्यावरून म्हणायचे, "मागचे टायर गुळगुळीत झालेत री. बदलून आणा, मग देतो."

एकदा त्यांनी चक्क सरकारी बस थांबवली होती. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. हे चाकाखाली वाकले, बाहेर आले आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. "स्प्रिंगचा पाटा तुटलाय. दुसरी बस मागव." पन्नास माणसं उन्हात, पोरं रडतायत, ड्रायव्हर शिव्या घालतोय, पोलीस आला. हे उठले नाहीत. शेवटी दुसरी बस आली. माझ्या ह्यांना यात मोठी तत्त्वनिष्ठा दिसली. मला त्या उन्हातल्या बायका दिसल्या.

माझा स्टोव्हही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. साताऱ्याहून सासू-सासरे पहिल्यांदाच आलेले, पुरणाची डाळ शिजत घातलेली, आणि हे अंगण ओलांडून थेट स्वयंपाकघरात. "आवाज बरोबर नाही," म्हणाले, स्टोव्ह विझवला आणि बर्नर फिरवून काढून घेऊन गेले. गरम बर्नर, धोतराच्या सोग्यात धरून! मी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "अण्णा, सणाचा दिवस आहे, माणसं जेवायची आहेत." तर म्हणतात, "जेवण उद्या पण होतं. भाजलेली कातडी उद्या येत नाही." स्टोव्ह खरंच फुटणार होता का? मला आजतागायत माहीत नाही. सासऱ्यांना कॉफी-क्लबातली इडली खाऊन सण साजरा करावा लागला, एवढं माहीत आहे.

काकू, म्हणजे त्यांच्या बायको, कधी काही बोलत नसत. एकदा नळावर मला म्हणाल्या, "राग नाकावर आहे पण मनात काही नाही हो त्यांच्या." हे वाक्य बायका आपल्या नवऱ्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत. मी घागर उचलली आणि घरात गेले.

एक गोष्ट मात्र होती जिच्यापुढे या माणसाचा आवाज खाली यायचा. विलायती शर्यतीच्या गाड्या. स्वतःकडे होती सायकल. पण कँटोन्मेंटात एखाद्या दुकानापुढे तसली बुटकी, लांब नाकाची दोन माणसांची गाडी उभी दिसली की सायकलवरून उतरून ते रस्त्यावर गुडघे टेकत. मी अंगणात कपडे वाळत घालत असले की मला धरून सांगत बसायचे. साध्या मोटारीत एक फिरता दांडा, कॅमशाफ्ट, कुठेतरी खाली पोटात असतो, तो लांब काड्यांनी हवेची दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, ढकलतो. वेग वाढला की काड्या मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत. या गाड्यांत दोन कॅमशाफ्ट, दोन्ही डोक्यावर, व्हॉल्व्हच्या अगदी वर. म्हणून इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांनासुद्धा श्वास घेऊ शकतं. "श्वास, कळलं ना? इंजिनाची ताकद पेट्रोलात नाही री, श्वासात आहे." मी हातात ओला पंचा घेऊन हो हो म्हणायची. खरं सांगायचं तर पुढे पुढे मला त्यात गोडी लागली होती. पण शेवटाला ते हटकून एका जागी यायचे. पळणं कुणालाही येतं, थांबणं बनवावं लागतं. ताशी एकशे वीस मैल पळणारी गाडी कुणी दाखवली की ते म्हणायचे, "पळते ते दिसलं. आता थांबव."

सरोजा तेव्हा चोवीस-पंचवीसची होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. बापाचा स्वभाव तिच्यात उतरला होता, पण बापाचा आवाज नव्हता. ती चिडली की हळू बोलायची. तिची दोन स्थळं अण्णांनी घालवली होती. एकाच्या मोटारसायकलची साखळी सैल होती. ती घट्ट करून द्यावी ना, तर ज्याला स्वतःची साखळी ओढता येत नाही तो संसार काय ओढणार, असं मुलाच्या आईच्या तोंडावर म्हणाले. दुसऱ्याला त्यांनी चालत घरी पाठवलं. रोटर खिशात. तो गाडी परत न्यायला आला, पण मुलगी बघायला आला नाही. सरोजा मला म्हणाली होती, "अक्का, मला आता फक्त या घरातून बाहेर पडायचं आहे. कुणाच्या का गाडीतून होईना."

मग तिसरं स्थळ आलं. कॉफीचे मळेवाले, यांच्यासारखेच जुने मराठी, घर घाटाच्या उतारावर. मुलगा शिकलेला, हसरा, बोलायला मऊ. काकू आणि मी दोघींनी मिळून एक गोष्ट केली. बघण्याचा कार्यक्रम काकूंच्या भावाकडे ठेवला, म्हणजे गल्लीत गाडीच येणार नाही. जमलं! सरोजा आणि तो मुलगा खोलीत बसून बोलले, आम्ही दाराबाहेर बसलो, आणि आतून सरोजाच्या हसण्याचा आवाज आला. मी तो त्यापूर्वी ऐकला नव्हता. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायची ठरली.

आणि खंडेनवमीला व्याही न सांगता दारात आले. तिकडे त्या दिवशी आयुधपूजा. सगळं शहर आपापली अवजारं पुसून मांडतं, बसला केळीचे खांब बांधतात, रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. चौकाचौकात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. अण्णांनीही आपले पाने, जॅक, मायक्रोमीटर देवापुढे पाटावर मांडले होते, कुंकू-फुलं वाहिली होती. एकदा पूजेला मांडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही, ते त्या दिवशी देव असतं. कारखान्याची मोठमोठी यंत्रं त्या दिवशी थंड असतात. मी काकूंना म्हटलंसुद्धा, बरं झालं, वर्षातून एक दिवस अण्णांचे हात बांधलेले.

गल्लीच्या तोंडाशी असा काही आवाज झाला की पोरं पतंग टाकून पळाली. गडद हिरवी, बुटकी, लांब नाकाची गाडी. तारांची चाकं, आत तांबूस कातडं. मळा विकून विलायतेला निघालेल्या एका साहेबाकडून मुलाच्या वडिलांनी ती घेतली होती. मुलगा चालवत होता, शेजारी वडील, फेटा हाताने धरून. पहिली पूजा सुनेच्या दारात करायची, म्हणून आले होते. "वरात याच गाडीतून," वडील म्हणाले. "सुनेला हिच्यातूनच घाट उतरवून घरी नेणार."

अण्णा ओट्यावरून उतरले. मी त्यांना त्या क्षणी पाहिलं आहे, म्हणून सांगते, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. बॉनेट उघडलं तेव्हा त्यांनी हात धोतराला पुसून मग पुढे केला. सहा सिलिंडर, डोक्यावर दोन चकचकीत लांब टोपणं, त्यांच्याखाली दोन कॅमशाफ्ट. मुलाला म्हणाले, "स्वल्प वाढव." मुलाने पायाने वेग वाढवला. अण्णा डोळे मिटून ऐकत उभे राहिले. "व्वा," म्हणाले. आख्ख्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून 'व्वा' तेवढा एकदाच ऐकला. खिडकीत सरोजा उभी होती, अबोली माळून. मी तिच्याकडे बघून हसले. वाटलं, सुटली.

मग ते खाली बसले आणि चाकाच्या तारांमधून आत बघायला लागले. बराच वेळ बघत होते. उठले, घरात गेले आणि पूजेच्या पाटावरून जॅक आणि पाना उचलून घेऊन आले.

काकू मागून धावल्या. "अहो, आज हात लावू नका! आज नको, उद्या बघा!"

"गाडी आज आलीय. उद्या निघून जाणार."

पान्यावरचं कुंकू त्यांनी बोटाने पुसलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा तिथेच बदलला. मळेवाली माणसं, त्यांच्या घरी आयुधपूजा म्हणजे वर्षाचा मोठा दिवस. मांडलेलं हत्यार कुणी उचललेलं त्यांनी जन्मात पाहिलं नसेल. नव्या गाडीला अजून नारळसुद्धा फुटला नव्हता आणि मुलीचा बाप तिचं चाक काढत होता.

चाकाच्या आतल्या ड्रमवर अण्णांनी बोट फिरवलं, मग पाटावरचा मायक्रोमीटर मागवला. तो मीच आणून दिला, आणि मलाही काकूंनी डोळ्यांनी फाडून खाल्लं. त्यांनी मापलं, परत मापलं. त्या ड्रमच्या आत ब्रेकचे जोडे दाबून बसतात, म्हणून गाडी थांबते. साहेबाने घाट उतरून उतरून तो झिजवला होता, आणि झिजला की लेथवर तासून पुन्हा गुळगुळीत करून घेतला होता. असं कितीदा तरी. कडेला मूळची जाडी शिल्लक होती, आत निम्मीही उरली नव्हती. निळे डाग आणि केसासारख्या चिरा.

अण्णा माझ्याकडे वळले. का कोण जाणे, माझ्याशीच बोलले. "तुझा पातळ तवा कसा पटकन तापतो? तसं. तापला की फुगतो. जोडे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पाय खाली जातो, गाडी जाते पुढे." मग मुलाकडे वळून, "हिला उभी कर. नवे ड्रम विलायतेहून मागव."

"आयातीचं लायसन्स मिळायला वर्ष जाईल, अण्णा," मुलगा म्हणाला.

"मग वर्षभर उभी."

वडील हसले. वाईट हसले. "अहो, ब्रेक उत्तम आहेत. दाखव रे." मुलाने चाक बसवलं, गाडी गल्लीच्या टोकाला नेली, सुसाट आणली आणि पूजेसाठी रस्त्यावर ठेवलेल्या लिंबापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी उभी केली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जी गाडी डोळ्यांपुढे थांबते ती थांबत नाही असं म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

"गार आहेत म्हणून," अण्णा ओरडले. "गार असताना थांबणारच! बंगलोरच्या सपाट रस्त्यावर जन्मभर थांबेल. घाटात पहिलं वळण झकास, दुसरं झकास, तिसऱ्याला वास येईल, चौथ्याला पाय तळाला."

"मी हळू उतरीन," मुलगा समजुतीने म्हणाला.

"हळू म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून. अजून तापतील."

"मग खालच्या गिअरमध्ये ठेवीन."

हे उत्तर बरोबर होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. तिथे त्यांनी मुलाला बाजूला घ्यायला हवं होतं, खांद्यावर हात टाकून चार शब्द सांगायला हवे होते. सगळं निभावलं असतं. पण गल्ली बघत होती, टाळ्या पडल्या होत्या.

"ठेवशील एकदा," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बायको शेजारी बसली की शायनिंग मारशील. तू तसलाच आहेस. तुझा बाप भंगार घेतो आणि तू ते मिरवतोस."

खिडकी आतून लागली. मी तो आवाज ऐकला.

वडील गाडीत जाऊन बसले. "चल." मुलाने बटण दाबलं. गाडी खोकली. पुन्हा दाबलं. अण्णा लांब उभे, हात पाठीमागे. टाळ्यांच्या गोंधळात केव्हा केलं होतं कळलं नाही, पण रोटर त्यांच्या खिशात होता.

"मुलगी देतो," ते म्हणाले, "या गाडीतून नाही देत. तुमच्या दुसऱ्या मोटारीतून न्या, बैलगाडीतून न्या. हिच्यातून नाही."

आता बघा, एवढंच आधी म्हटलं असतं तर? एवढंच, साध्या आवाजात? पण शब्दांची वेळ निघून गेली होती. वडील उतरले. "आमची सून कशातून न्यायची ते मुलीच्या बापाने सांगायचं? खंडेनवमीच्या दिवशी पूजेचं हत्यार उचलून आमच्या लक्ष्मीला हात लावलात, पोराला चारचौघांत वाटेल ते बोललात. तुमच्या घरची मुलगी नको आम्हाला. मोडलं."

मुलगा बंद खिडकीकडे बघत होता. मी अण्णांकडे बघत होते. आता तरी वाकतील असं वाटलं. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"मोडलं?" ते म्हणाले. "आयतु."

आणि गाडीपाशी गेले. बॉनेट उघडलं, खिशातून रोटर काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला, जागेवर बसवला, टोपण लावलं, दोन्ही बाजूंच्या चिमट्या चापून बघितल्या. बॉनेट अलगद मिटलं. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी रस्ता मोकळा केला. "न्या."

पहिल्या झटक्यात सुरू झाली.

त्या दिवशी मी घरात येऊन भांडी आपटली. ह्यांना म्हटलं, जागा बदला, मला या माणसाच्या छपराखाली राहायचं नाही. हे म्हणाले, "त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं." तांत्रिकदृष्ट्या! मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. सरोजा दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी रद्द करून कामावर गेली. बापाशी बोलणं बंद. भाकरी वाढायची, ताट पुढे सरकवायची, संपलं.

त्या मुलाचं लग्न त्याच मुहूर्तावर झालं. मुलीची बाजू हासनकडची, एवढंच आमच्या कानावर आलं.

उन्हाळ्यात बातमी आली. घाटात गाडी खाली गेली. मुलगा बाहेर फेकला गेला, पाय मोडला, वाचला. त्याची बायको वाचली नाही. माहेरहून परत येत होती.

आणि आमच्या गल्लीला उधाण आलं! लोक पेढे घेऊन आले नाहीत एवढंच बाकी. "अण्णा, तुमच्यामुळे सरोजा वाचली." "अण्णा, काय नजर!" ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच. ज्या बसच्या प्रवाशांनी शिव्या घातल्या असतील तेही येऊन गेले असते, पत्ता माहीत असता तर. काकूंनी देवापुढे तुपाचा दिवा लावला. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. एक मुलगी मेली होती, आणि ही माणसं तिच्या मरणातून आपल्या गल्लीसाठी आनंद काढत होती. मी पाणी मागायला आलेल्या एकीला तोंडावर विचारलं, "जी गेली ती कुणाची नव्हती का?" ती रिकामं भांडं घेऊन गेली.

अण्णा मात्र दोन दिवसांनी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले, घाटाकडच्या बसने गेले. मला वाटलं, भेटायला गेले. चला, एवढं तरी केलं. त्यांच्याबद्दल बरं वाटलेला तो माझा शेवटचा प्रसंग, आणि तो एक दिवसच टिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. मी काकूंकडे पापड लाटायला बसले होते. सरोजा दुपारच्या शिफ्टला निघालेली, पायांत चप्पल घालत होती. अण्णा दारातच उभे राहिले, कपडे धुळीने माखलेले.

"बघितली," म्हणाले. "दरीतून काढून रस्त्याच्या कडेला ठेवलीय. पुढचा डावा ड्रम तीन तुकडे. मी म्हटलं होतं तेच. चौथं वळण."

"त्यांच्या घरी गेला होतात?" काकूंनी विचारलं.

"नाही."

मी लाटणं खाली ठेवलं. मी काहीतरी बोलणार होते, आणि ते चांगलं नसतं. पण सरोजा बोलली. कितीतरी महिन्यांनी बापाशी बोलली, हळू आवाजात.

"तुम्हाला माहीत होतं."

"हौदु. माहीत होतं म्हणूनच तर..."

"मग तुम्ही ती सुरू करून का दिलीत?"

अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लग्न मोडलं होतं," म्हणाले. "माझा काय हक्क राहिला? गाडी त्यांची."

"तुम्हाला हक्क कधीपासून लागायला लागला?"

काकू म्हणाल्या, "सरोजा, साकू." ती थांबली नाही. "रस्त्यावरच्या कुणाचीही गाडी अडवता. यांचीच का नाही अडवली? खिशात होतं तुमच्या. गटारात टाकायचं. त्यांनी पोलीस आणले असते तर आणले असते. तुम्ही स्वतः बसवलंत. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. पुसून बसवलंत."

अण्णा भिंतीला टेकले. हळूहळू खाली सरकले आणि उंबऱ्यावर बसले, पिशवी अजून हातात. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील, तवा, ड्रम, लायसन्स, सरकार.

"मला राग आला होता," ते म्हणाले.

एवढंच. सरोजाने दुसऱ्या पायातली चप्पल नीट केली, पर्स खांद्याला लावली.

"जी गेली, तिला कुठे ठाऊक होतं ते," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसलेल्या बापाला ओलांडून शिफ्टला गेली.